वन्संनी लपवलेलं बोंडलं

आधी माझा मूर्खपणा सांगते, मग वन्संबद्दल लिहायला तोंड राहील. शुभा जन्मली तेव्हा दूध उतरेपर्यंत धीर धरायचा सोडून मी तिला चांदीच्या बोंडल्यानं साखरपाणी पाजत बसले. मेंदू साखरेवर चालतो, असं कुठल्याशा मासिकात वाचलेलं. तेवढ्यावर सासूबाईंनाही गप्प केलं. अर्धं वाचायचं आणि पूर्ण बोलायचं, ही माझी तेव्हाची विद्या! पोर मलूल झाली, ओढीनाशी झाली...

मंदावन्सं, माझ्या नणंदबाई, कॉलेजात जीवरसायन शिकवायच्या. घरात शिरल्या त्या बोंडलं माझ्या हातातून हिसकावूनच. ‘‘पाण्यानं पोट भरलंय तिचं, ओढेल कशाला? छातीशी घे आधी!’’

पोरीला तरतरी आल्यावर समजावू लागल्या. ‘‘दुधातल्या स्निग्धापासून बाळाचं यकृत कीटोन करतं. मेंदू ते जाळतो, नि त्यांतूनच स्वतःची चरबीही बांधतो. साखरेचंही तेच, थोडी चुलीत, थोडी बांधकामात. झावळीसारखं गं, जळणालाही तीच नि छपरालाही तीच. तू म्हणजे घर बांधायला काढलंस नि गवंड्याला नुसता चहा पाजत बसलीस!’’

सगळे हसले. मीही हसले. बोंडलं मात्र त्या दिवसापासून दिसेनासं झालं... आणि मला जिथेतिथे दिसू लागलं. शुभा उशिरा बोलली, तेव्हा दिसलं. सातचा पाढा अडला, तेव्हा दिसलं. आज ती बँकेत साहेब आहे, तरी छत्री विसरली की मला वाटतं, माझ्यामुळे छपरातली एक झावळ राहिली. वन्संना विचारायचं धाडस नव्हतं. त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

शेवटच्या भेटीत विचारलं. त्यांच्या खिडकीतून मिरकरवाडा बंदराचा वारा येत होता. त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. साड्यांखाली बोंडलं होतं, काळं पडलेलं. मी ते काढून आणलं, त्यांनी ते माझ्याच ओंजळीत ठेवलं आणि थकलेल्या आवाजात एवढंच बोलल्या...

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला, ‘‘मामी, आई गेली.’’ गॅसवरचं दूध तसंच सोडून मी आधी फळीकडे धावले. वन्संकडून आणलेलं बोंडलं तिथं पालथं ठेवलंय. येताजाता त्यात बोट घालून बघते, ओल आहे का. नसते. तरी बघते. आणि दर वेळी वन्संचा तो थकलेला आवाज येतो:

‘‘वहिनी, पोरीचं घर कधीच बांधून झालं. तिथं अजून साखरपाणी ओततेयस ती तू.’’