कान कोणत्या रकान्यात?

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. संस्थानं विलीन होऊन थोडाच काळ लोटला होता आणि उज्जैनच्या एका ठाण्यात मी नवा ठाणेदार होतो. फ्रीगंजमधल्या शिंप्याचं शिलाई मशीन भर दुपारी चोरीला गेलं. खबऱ्याने सांगितलं, मशीन टांग्यातून नेलं आणि घोडीचा डावा कान फाटलेला होता.

तासाभरात तशी घोडी आणि तिचा मालक ठाण्यात हजर! मी खूश. पण चौकशीत तो तीन दिवस एकच सांगत राहिला, "हुजूर, कान मेरी घोड़ी का भी फटा है, पर उस दिन मैं फ्रीगंज गया ही नहीं." दम देऊन पाहिला, चहा पाजून पाहिला. खोटं बोलणारा उलटसुलट प्रश्नांत कुठेतरी अडकतोच. हा अडकेना. त्याची बायको रोज डबा घेऊन पायरीवर बसायची. कोठडी वाढली तर त्याचा परवाना जाणार होता आणि घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. मला ते बघवेना.

पण दुसरी कानफाटी घोडी शोधायची कशी? टांग्यांच्या परवान्यांच्या नव्या नोंदवहीत मालकाचं नाव, पत्ता, क्रमांक, बस्स. शेवटी जुन्या दफ्तरखान्यात गेलो. तिथले म्हातारे रेकॉर्डकीपर मराठीच, पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनचे. मी फाटक्या कानाची हकीकत सांगून जुन्या गुन्हेगारांची नावं मागितली.

"नाव कशाला ढुंढता साहेब? ते तर तुम्हाला मालूमच नाही. घोड्याचा कान कुठे लिहितात ते विचारा ना!"

त्यांनी एक जाड वही काढली. तिच्यात एकही नोंद नव्हती. कोणत्या नोंदवहीत कोणते रकाने आहेत, एवढंच लिहिलेलं. असली वही मी जन्मात पाहिली नव्हती; चोरी विसरून पानं उलटत बसलो. जनावराच्या खुणेचा रकाना तीन ठिकाणी निघाला: कांजी हाऊस म्हणजे कोंडवाडा, जनावरांचा दवाखाना आणि संस्थानी काळातली परवान्यांची नोंदवही. विलीनीकरणानंतर नवे नमुने छापताना तो रकाना कोणीतरी गाळला होता. जुन्या नोंदवहीत डावा कान फाटलेल्या घोड्या दोन होत्या. दुसरीच्या मालकाकडे मशीन मिळालं आणि त्याने गुन्हा कबूल केला.

सोडताना मी टांगेवाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, "माफी रहने दो हुजूर. रजिस्टर में लिख दो कि मैं चोर नहीं."

संशयितांची नोंदवही उघडली. कधी आणलं, कोणी आणलं, कोणत्या गुन्ह्यात, सगळ्याला रकाना होता. निर्दोष ठरला, हे लिहायला मात्र जागाच नव्हती. त्याच वहीवर मी रोज सही करत होतो. लाज वाटली. कागदात एखादी गोष्ट सापडली नाही, तर तो कागद ती विचारतो तरी का, हे आधी बघावं, एवढं त्या दिवशी शिकलो.

पट्टी घेतली, समासात उभी रेघ मारली, वर 'निर्दोष' लिहिलं आणि पहिली नोंद त्याची केली.