जावयाची बाजू ऐकून घेतली

सत्तावीस वर्षं न्यायाधीश म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतून बदल्या झेलल्या. प्रत्येक गावी लग्नाच्या पत्रिका यायच्या, पण मी एकाही लग्नाला गेलो नाही. उद्या तोच यजमान पक्षकार म्हणून समोर उभा राहिला तर? बायको म्हणायची, तुम्ही माणसांत राहतच नाही. मला ते कौतुक वाटायचं. मूर्ख होतो.

बायको गेल्यावर मुलीने मला सिंगापूरला, तोआ पायोहच्या तिच्या फ्लॅटवर बोलावून घेतलं. पोहोचलो त्याच आठवड्यात जेवताना तिने सांगितलं, नवऱ्याने तिच्यावर दोनदा हात उचलला. तो आता क्लेमेंटीला खोली घेऊन राहत होता आणि ती कोर्टाकडे संरक्षण मागणार होती. अशा वेळी बापाने काय विचारावं?

"तारीख कोणती? कोणी पाहिलं?"

"पहिल्या वेळची तारीख नाही आठवत, बाबा," म्हणाली आणि ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी तिला न सांगता मी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, क्लेमेंटी गाठलं. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय मत बनवायचं नाही, ही माझी आयुष्यभराची ऐट. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, जावयाने वाकून नमस्कार केला, कॉफी आणून दिली. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप पुरता कळलाच पाहिजे, म्हणून मी तिचं सगळं म्हणणं त्याच्यापुढे ठेवलं. वर निष्पक्षपणाच्या भरात हेही बोलून गेलो, "पहिल्या वेळची तारीख मात्र तिला सांगता येत नाही." तो मान खाली घालून ऐकत होता. किती सभ्य मुलगा, असं वाटलं मला! उभी हयात खोटे साक्षीदार ओळखण्यात गेली आणि घरातला एक ओळखता आला नाही.

मुलीने अर्ज केला, आणि महिन्याभराने त्याचं लेखी उत्तर आलं. तिने दोन पानं वाचली आणि तिसरं माझ्यापुढे सरकवलं. त्यात मी होतो. अर्जदाराचे वडील निवृत्त न्यायाधीश आहेत, तिला तारीखही सांगता येत नाही हे त्यांनीच मान्य केलं, आणि त्यांचाही तिच्यावर विश्वास नाही. शेवटचं मी बोललोच नव्हतो. पण विश्वास आहे, असंही कुठे बोललो होतो? जावयापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

"मी प्रतिज्ञापत्र देतो," मी म्हणालो. "माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे, असं लिहून देतो."

"वकीलबाईंनीही तेच सुचवलं होतं. मी नको म्हटलं."

"का?"

तिने कागद गोळा केले. "उलटतपासणीत विचारतील, मुलीने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुमचा विश्वास बसला होता का? आणि तुम्ही खरं तेच सांगाल, बाबा."

हायकोर्टाने माझ्या निकालांवर कधीमधी ताशेरे ओढले होते. इतका एकही लागला नव्हता.