मामांच्या डोळ्यांची व्युत्पत्ती

माणसाला डोळे निसर्गाने दिले, हे माझ्या मामेसासऱ्यांना, म्हणजे पत्नीच्या मामांना, मुळीच मान्य नव्हते. त्यांच्या मते निम्मा डोळा ग्रीकांनी दिला, निम्मा रोमनांनी, आणि आपण तो केवळ वापरतो. मखमलाबादच्या एका शाळेत इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले, तेव्हा नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते. आम्ही भेटीला गेलो की पाण्याच्या पेल्याआधी शब्दाची फोड पुढे येई. मामी मसूर निवडत बसलेल्या असत, ताटातला एक दाणा उचलून मामा म्हणत, "जावईबापू, लॅटिनमध्ये याचे नाव लेन्स. भिंगाचा आकारही असाच, म्हणून तेही लेन्स." रेटिनाच्या मुळाशी जाळे, कॉर्नियाच्या मुळाशी शिंग, आयरिस म्हणजे ग्रीकांचे इंद्रधनुष्य. प्युपिलपाशी आले की त्यांचा स्वर झोपेत बोलल्यासारखा मऊ होई. रोमनांना समोरच्याच्या डोळ्यात आपली चिमुकली प्रतिमा दिसली, तिला त्यांनी बाहुली म्हटले. आपणही बाहुलीच म्हणतो. हे सांगताना ते मामींची हनुवटी खिडकीकडे वळवत आणि स्वतःच पाहत राहत. "दूध उतू चाललंय, अन् यांना बाहुली दिसतीये," मामी म्हणत. पण हनुवटी सोडवून घेत नसत.

एकदा हरसूलच्या नेत्रशिबिरात ते हौसेने मदतीला गेले. मोतीबिंदूला इंग्रजीत कॅटरॅक्ट म्हणतात आणि तो शब्द मूळचा धबधब्याचा, हे त्यांनी रांगेतल्या एका आजोबांना सविस्तर समजावले. आजोबांनी डोळ्यावरून बोट फिरवून पाहिले. "मंग मला नाय तो. माझे डोळे कोरडे हायेत," असे म्हणून ते गावाची वाट चालू लागले. डॉक्टरांनी मोटारसायकल पाठवून त्यांना परत आणवले आणि मामांना चहा वाटायला बसवले. "व्युत्पत्ती बरोबर होती," मामा मला नंतर म्हणाले, "श्रोता घाईचा निघाला."

पुढे काही वर्षांनी मामी परसातली गुलछडी चाचपून तोडू लागल्या, तेव्हा कुठे मोतीबिंदू उघडकीस आला. रोज त्या डोळ्यांत पाहणाऱ्या मामांना तो दिसला नव्हता. "घर पाठ होतं की मला," मामी म्हणाल्या, "सांगायचं काय त्यात?" फार उशीर झाला आहे, नजर कितपत परतेल हे सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून मामांच्या तोंडून एकही ग्रीक शब्द निघाला नाही.

शस्त्रक्रियेनंतर मामींच्या डोळ्यावरची पट्टी सोडली त्या सकाळी मी दवाखान्यात होतो. "समोर काय दिसतंय, आजी?" डॉक्टरांनी विचारले. मामींनी हळूच मान वळवली. मामांनी पलंगाचा कठडा घट्ट धरला होता.

"यांचे केस कधी पांढरे झाले?" मामींनी विचारले.

मामांचे ओठ हलले. आता लॅटिन येणार, असे मला वाटले.

"झाले हळूहळू," ते म्हणाले, आणि फोटोला उभ्या केलेल्या मुलासारखे दोन्ही हातांनी केस सारखे करू लागले. बाहेर आमची रिक्षा हॉर्न देत होती. मामी त्यांच्याकडे पाहत होत्या, आणि निघू या असे म्हणणे मला जमले नाही.