जवाईबुवांच्या हिवाळी बाजा

आमच्या शहराला पुढच्या वीस वर्षांत किती घरं लागणार, हे अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकाच माणसाला कळतं आणि नेमकं त्यालाच कोणी विचारत नाही. विचारलं नाही म्हणून तो माणूस गप्प बसतो असंही नाही. चाळीस वर्षांपूर्वी ते आसेगावकडून लग्नाला म्हणून आमच्या वस्तीत आले, सासऱ्याच्या ओसरीवर चार दिवस टेकले आणि खोली मिळेना म्हणून तिथेच राहिले. तेव्हापासून ते सगळ्या वस्तीचे जवाई. शेंबडी पोरंही त्यांना जवाईबुवाच म्हणतात.

नोकरी मीटर रीडरची. त्यामुळे जन्मभर कोणाच्याही घरात शिरायचा परवाना होता. निवृत्तीनंतर परवाना गेला, शिरणं राहिलं. तुम्ही चहा ओतत असता आणि हे भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलं टाकत असतात. "दहा बाय नऊ. सहा जनं. मावता कसे बे तुमी?" बारशाला पेढ्याआधी वही बाहेर येते. "पोरगी झाली? लय बेस. वीस वर्षानं एक खोली." एकदा शेजारच्या म्हाताऱ्याच्या मयतीला गेले आणि त्याच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "एक जागा मोकळी झाली." दोन महिने त्या गल्लीत त्यांना कोणी चहा दिला नाही. "म्या काय खुशीनं म्हनलं का वं?" एवढंच ते मला म्हणाले.

पाळणे मोजून ते उद्याची गरज काढतात. आजची गरज काढतात बाहेर टाकलेल्या बाजा मोजून. आमच्याकडे उन्हाळ्यात कोणीच घरात झोपत नाही, म्हणून उन्हाळ्यातली बाज त्यांच्या हिशेबी खोटी. "एप्रिलात तं बंगलेवालाही गच्चीवर झोपते. थंडीत जो बाहेर हाय, त्याले घरात जागा नाई." म्हणून डिसेंबर लागला की पहाटे माकडटोपी घालून, टॉर्च घेऊन ते गल्लोगल्ली फिरतात. प्रत्येक बाजेला नंबर, वय आणि बाहेर झोपण्याचं कारण. एका आजीनं चोर समजून त्यांना काठी हाणली. वहीत नोंद झाली: 'हात भक्कम. अजून वीस वर्षं खोली लागेल.'

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात विकास आराखड्याचा मसुदा आला आणि बाजारामागची जमीन, जी गरिबांच्या घरांसाठी राखीव होती, ती व्यापारी संकुलाला दाखवलेली निघाली. कारण काय, तर तरुण पोरं पुण्याला जातात, इथे घरांची गरज वाढणार नाही. पुण्याला गेलेल्यांचे आईबाप कुठे जातात, हे मसुद्यात नव्हतं. आमच्या वस्तीला पसरायला तेवढी एकच जमीन होती. ती गेली की संपलं.

वस्तीच्या लढ्यासाठी पत्रकं मी लिहायचे; त्याच दिवशी नवं लिहिलं. 'दोन हजार कुटुंबं उघड्यावर.' जवाईबुवांनी ते चष्मा वर करून वाचलं.

"दोन हजार कोनं मोजले?"

"अंदाज आहे."

"माह्या वहीत एकशे सदतीस बाजा हायेत."

"एकशे सदतीसवर कोणी जमीन सोडतं का, जवाईबुवा? लढाई आहे ही."

"मंग ह्या लढाईत बाहेर झोपते कोन, त्याचं नाव सांग."

मी त्यांना नोकरशहा म्हणाले. त्यांनी पत्रकाची नीट घडी घालून ते मला परत दिलं, त्याचाच जास्त राग आला. सुनावणीपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

सुनावणीला हॉल भरलेला. मसुद्यावरच्या हरकती ऐकायला आलेल्या साहेबांच्या एका हातात माझं पत्रक, दुसऱ्या हातात जवाईबुवांनी दिलेली ती मळकी वही. "यातलं खरं कोणतं?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत जवाईबुवा उभे राहिले. "वही, साहेब." आमचीच माणसं कुजबुजली. इतक्या महिन्यांचं काम या म्हाताऱ्यानं एका शब्दात पाण्यात घातलं, असं मला तेव्हा वाटलं.

"पण इकडे लोकांना बाहेर झोपायची सवयच असते," साहेब म्हणाले.

"डिसेंबरात?"

साहेबांनी वही त्यांच्यापुढे धरली. "वाचा बरं. मधूनच कुठूनही."

जवाईबुवांनी पान उघडलं. "बाज शहाऐंशी. वय सत्तर. म्हनते बायको घोरते. खोटं हाय, घरात सून बाळंत हाय. बाज सत्त्याऐंशी. दोघं भाऊ, एका बाजेवर. बहीन दहावीले." मग ते थांबले. माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटायला लागले.

"मधलं का सोडता?" साहेब म्हणाले. "अठ्ठ्याऐंशी वाचा."

जवाईबुवांनी आवाज खाली आणला. "बाज अठ्ठ्याऐंशी. बाप. वय एकसष्ट. खोली एक. पोरगी रातभर पत्रकं लिहिते, लाइट चालू राह्यते."

वस्तीत पत्रकं लिहिणारी पोरगी एकच. मागच्या रांगेत बाबा बसले होते, ते आपल्या चपलांकडे बघत राहिले. घरात आपल्याला गुदमरतं, असं ते पाच हिवाळे सांगत आले होते आणि मी ते पाच हिवाळे ऐकत आले होते. 'उघड्यावर' हा शब्द मी आत, पांघरुणात बसून लिहिला होता.

साहेबांनी माझं पत्रक बाजूला ठेवलं. वही मात्र ठेवून घेतली, आणि निर्णय राखून ठेवला. तो अजून आलेला नाही.

या हिवाळ्यात मी बाबांशी भांडून त्यांना आत झोपवलं आणि बाजेवर स्वतः आले. पहाटे खोकला ऐकू आला, टॉर्चचा उजेड पापण्यांवर पडला. जवाईबुवांचे गुडघे आता धरतात, तरी नव्या वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मला वाटलं, निदान एक बाज कमी झाली म्हणून खूश होतील.

"मानूस बदलला," ते स्वतःशीच पुटपुटले. "बाज तं हायेच."

काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. मग खाली सरकलेली वाकळ माझ्या पायांवर ओढली आणि पाय ओढत पुढच्या गल्लीत गेले. मी डोळे उघडले नाहीत.