खोली रिकामी नसल्याबाबत

तक्रारदार: झेनॉन वायूवर संशोधन करणाऱ्या एक प्राध्यापिका, नाव लिहिण्यास त्यांचीच मनाई. दिनांक: गेला मंगळवार, दुपार. साक्षीदार: मी, जबलपूर कचेरीसमोरील अर्जलेखक, तसेच महाविद्यालयाचे एक बाबू.

बाई माझ्या शेजारी राहतात. प्रत्येक वाक्याआधी "थांबा हं" म्हणतात, जणू समोरचा पळूनच चालला आहे. सराफ्यात बांगड्या पाहतानाही विषय झेनॉनचाच: हा वायू सहसा कोणाशी संयोग पावत नाही, पण फ्लोरिनशी जुळला की त्याचे पांढरे स्फटिक होतात. मला हे बहुतांशी समजते.

मोडके बाक ठेवण्यासाठी त्यांची प्रयोगशाळा काढून घेण्याचे ठरले. पाहणीस आलेल्या बाबूंनी काचेच्या बंद नळ्या उजेडात धरून पाहिल्या आणि शेरा लिहिला: खोली रिकामी, नळ्याही रिकाम्या.

"मैडम, इसमें तो कुछ है ही नहीं."

"थांबा हं, भैया. आहे, फक्त दिसून नाही राहिलं."

बाईंनी वाद घातला नाही. मला खिडक्या लावायला सांगून त्यांनी नळीला वीज जोडली. नळी निळीजांभळी उजळली. बाबू स्टुलावर बसले.

"एक बार और दिखाइए."

बाईंनी पुन्हा दाखवले, मग बटणच त्यांच्या हाती दिले. बाबू संध्याकाळी खुशीत घरी गेले. शेरा बदलायचा तेवढा राहून गेला.

तरी प्राचार्यांस विनंती की, शेरा दुरुस्त करावा, बाक अन्यत्र ठेवावेत आणि तसे लेखी कळवावे. शंका असल्यास स्वतः यावे. खिडक्या मी लावीन.