गाडीत पाच, सहावा चालत

देवळाली प्रवरात पेट्रोल कधी किती रुपये लिटर होतं हे कुणाला जाणून घ्यायचं असेल, तर त्यानं पंपावर जाऊ नये, गोजरबाईकडे जावं. तिला तारखा येत नाहीत, सन तर त्याहून येत नाहीत. पण पेट्रोल सत्तरला गेलं तेव्हा मोर्चात गाडीवर कोण उभं होतं, ऐंशी ओलांडलं तेव्हा घोषणा कुणी दिल्या आणि शंभरी गाठली तेव्हा कोण कुणाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होतं, हे सगळं तिला तोंडपाठ. कारण दर वेळी बैलगाडी तिचीच होती. पेट्रोल महागलं की सत्तेबाहेरच्या पक्षाला बैलगाडीची आठवण येते, हा आपल्याकडचा शिरस्ताच आहे. मोर्चा संपला की पुढारी आपापल्या पांढऱ्या गाड्यांत बसतात, काचा वर करतात आणि घरी जातात.

"सत्तरला आप्पा सत्तेत हुता, तवा रविराज माझ्या गाडीत हुता," ती सांगायची. "शंभराला रविराज सत्तेत गेला, मंग आप्पा गाडीत आला. गाडी तीच, घोषणा बी त्याच. निसती मान्सं चढत्यात नि उतरत्यात."

आप्पा म्हणजे आप्पासाहेब, गावातले जुने पुढारी आणि एका साखर कारखान्याचे संचालक. रविराज त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, त्यांच्याच तालमीत वाढून त्यांच्यावरच उलटलेला. दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं, पण गोजरबाईशी दोघांचंही होतं.

ती मूळची पाथर्डीकडची. नवरा कानिफनाथ आणि ती, दोघं बैलगाडी घेऊन दरसाल ऊसतोडीला यायची आणि एका साली परत गेलीच नाहीत. कालव्याकडेला वस्ती करून राहिली. बारा वर्षांपूर्वी कानिफनाथ गेला. बैल विकून टाक, असं भावकीनं सांगितलं, दिरानं गिऱ्हाईकही आणलं. तेरावा झाल्यावर गोजरबाईनं पदर खोचला, स्वतः बैल जुंपले आणि उसाची गाडी भरून कारखान्यावर नेली. तिथं दोनशे गाड्यांच्या रांगेत बाई एकटीच. पहिल्या आठवड्यात गाडीवान तिच्याकडं बघून दात काढायचे. हंगाम संपता संपता कुणाची गाडी चिखलात रुतली की तेच म्हणायचे, गोजरबाईला हाक मारा. दोनशे मर्दांनी हार मानावी अशी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

मोर्चाच्या गाडीला तिचा एकच नियम. गाडीत पाच जण, तेही बसून. सहावा चालत.

एकदा कुणीतरी शहाण्यानं तिला विचारलं होतं, की मावशी, दीड टन ऊस चालतो तुमच्या गाडीला, मग दहा माणसं काय जड आहेत? त्यावर ती म्हणाली, "ऊस गप पडून ऱ्हातो बाबा. पुढारी गप बसत न्हाई."

यात थट्टा कमी आणि खरं जास्त. ऊस भरताना ती चाकाच्या पुढं-मागं सारखा भार ठेवते, मग बैलांच्या खांद्यावर जू नुसतं टेकतं. माणसं मात्र कॅमेरा दिसला की पुढं सरकतात. गाडी पुढून जड होते आणि सगळं ओझं बैलांच्या खांद्यावर येतं. हे शाळा न पाहिलेल्या बाईला कळत होतं आणि शेतकऱ्यांची पोरं म्हणवणाऱ्या पुढाऱ्यांना कळत नव्हतं.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ती बैलांचे खांदे हळद-तुपानं मळत होती, तेव्हा डाव्या बैलाच्या, पाखऱ्याच्या खांद्यावर तिच्या बोटांना गाठ लागली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, खांदा आलाय, म्हणजे जुवाच्या घासणीनं सुजलाय, हंगामापर्यंत ओझं नको, हलकं काम चालेल. त्यांनी फी घेतली ती दुप्पट. गोजरबाईनं त्यांच्याकडं बघितल्यावर त्यांनी मोटारसायकलच्या टाकीवर थाप मारली. "हिला पण चारा लागतो मावशी, आणि तो रोज महागतोय."

खरंच महागत होता. गावात दुसरा विषयच नव्हता. पंपावर भाव विचारून लोक शंभराचं टाका म्हणायचे आणि काट्याकडं न बघता निघून जायचे. दूधवाल्यानं दोन वस्त्यांवर जाणं बंद केलं. गोजरबाईची नात दिशा राहुरीला कॉलेजला जायची, तिच्या जीपवाल्यानं महिन्यात दोनदा भाडं वाढवलं. चहाच्या टपरीवर रविराजच्या पक्षाचं नाव काढलं की लोक अशा काही शिव्या द्यायचे, की त्याचे कार्यकर्ते चहा घरूनच पिऊन यायला लागले. आणि गावची निवडणूक महिन्यावर आली होती. यंदा आप्पासाहेब घरी बसून राहिले तरी निवडून येतील, असं लोक म्हणत होते. पण घरी बसणं हा पुढाऱ्याचा स्वभाव नव्हे. त्यांनी मोर्चा काढला.

ते स्वतः वस्तीवर आले. "गोजरबाई, बाजारतळापासून हायवेच्या पंपापर्यंत. तीन किलोमीटर."

"येते की. माझ्या दिशाच्या जीपचं भाडं बी वाढलंय. पर पाखऱ्याचा खांदा आलाय, आप्पा. पाचाचा सहावा चालायचा न्हाई."

"पाच म्हंजी पाच," आप्पासाहेब म्हणाले.

मोर्चाच्या दिवशी बाजारतळावर हजारभर माणूस होतं. गळ्यात रिकाम्या बाटल्या अडकवलेले, मोटारसायकली ढकलत आणलेले, बायाही पुष्कळ. पहिले पाच जण गाडीत बसले. मग चॅनेलवाला आला. त्यानं कॅमेरा उचलल्याबरोबर पाचाचे आठ झाले, आठाचे अकरा झाले, आणि सगळे उठून पुढच्या बाजूला दाटीनं उभे राहिले. जू पाखऱ्याच्या खांद्यात रुतलेलं गोजरबाईला दिसलं.

"आप्पा, सा जन उतरवा," ती म्हणाली.

आप्पासाहेब हसत हसत खाली वाकले, म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटावं की म्हातारीची विचारपूस चाललीय. हळू आवाजात ते म्हणाले, "गोजरबाई, हंगामाच्या गाड्यांची यादी माझ्या टेबलावर हाय. तुझं नाव ऱ्हायचं असंल तर आता गप हाक."

यादीत नाव नाही म्हणजे कारखान्यावर गाडी नाही. सहा महिने काम नाही, आणि दिशाचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. गोजरबाई घाबरली. ती कधी घाबरत नाही असं गावात बोलतात, पण ते खरं नाही. तिनं कासरा हलवला.

गाडी निघाली. घोषणा उठल्या. वीसेक पावलं गेल्यावर पाखऱ्याचा पुढचा गुडघा वाकला आणि त्यानं मान वळवून मागं तिच्याकडं पाहिलं. 

गोजरबाईनं गाडी थांबवली. खाली उतरली आणि पुढं जाऊन बैलांच्या गळ्याचे पट्टे सोडायला लागली.

"उतरा. गाडी सोडते मी," ती म्हणाली. कुणी उतरलं नाही. वरचे सगळे कॅमेऱ्याकडं तोंड करून महागाईच्या नावानं मुठी आवळत होते. तिनं दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. मग आधी पाखऱ्याला आणि मग उजव्या बैलाला, तांबड्याला, जुवाखालून काढलं.

बैल निघाल्यावर पुढून जड झालेली गाडी काय करणार? जू खाली टेकलं, गाडी घसरगुंडीसारखी उतरती झाली आणि अकरा पुढारी एकामागून एक, हातातल्या फलकांसह, डांबरी रस्त्यावर आले. लागलं कुणालाच नाही, कपड्यांची इस्त्री तेवढी मोडली.  मग मागून एका बाईनं आवाज दिला, "गाडीत किती?" आणि हजार माणसांतून कुठूनसं उत्तर आलं, "पाच!" त्यानंतर पेट्रोलचं नाव कुणी घेतलं नाही. लोक पोट धरून हसत होते.

गोजरबाई हसली नाही. दोन्ही बैल हातात धरून ती वस्तीवर चालत गेली.

तो व्हिडिओ रात्रीच्या आत श्रीरामपूर, बेलापूर, पार कोपरगावपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी रविराज शाल, श्रीफळ आणि फोटोग्राफर घेऊन हजर. "मावशी, मुक्या जनावराला सुद्धा खोटा मोर्चा कळला. आमच्या सभेत एवढेच दोन शब्द बोला."

गोजरबाई पाखऱ्याच्या खांद्याला औषध लावत होती. तिनं वरही पाहिलं नाही. "पेट्रोल उतारलं का रं?"

"ते आपल्या हातात नसतं, मावशी. ते वरून ठरतं."

"मंग शाल कशाची? मोर्चा खोटा नव्हता. मान्सं जास्त हुती. ते आप्पाचं नि माझं भांडन हाय, त्यात तू तुझी भाकरी नको भाजू."

रविराज शाल घेऊन परत गेला, फोटो निघाला नाही. अशा दाराशी आलेल्या मानाला लाथ मारायला छाती लागते, आणि ती गावात किती जणांकडं आहे हे मला माहीत आहे. नाव घेत नाही.

निवडणुकीत मात्र व्हायचं ते झालं. आप्पासाहेब भाषणाला उभे राहिले की कोपऱ्यातून आवाज यायचा, "गाडीत किती?" आणि सभा हातची जायची. महागाईवर ते बोलायचे ते सगळं खरं होतं, पण ऐकायला कुणी गंभीर राहिलं नव्हतं. साठ-सत्तर मतांनी ते पडले. पेट्रोलनं रविराजला पाडायचं ठरवलं होतं, बैलानं आप्पांना पाडलं, असं टपरीवर लोक म्हणायला लागले. पेट्रोलचा भाव निकालाच्या आठवड्यात आणखी चढला आणि तेच लोक पंपावर पुन्हा शिव्या देत उभे राहिले. गोजरबाईला कुणी म्हणालं, आप्पाला तुम्ही पाडलंत, तर ती तोडून टाकायची. "म्या पाडलं न्हाई. म्या तीनदा उतरा म्हनलं हुतं."

गावात हरले तरी कारखान्यातली आप्पांची खुर्ची शाबूत होती. गाड्यांच्या नोंदणीचा दिवस आला तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं की गोजरबाईचं नाव उडालं. तरीही ती बैल घेऊन आली आणि रांगेत उभी राहिली. आप्पासाहेब स्वतः टेबलाशी बसले होते. क्लार्क नावं वाचत होता. तिचा नंबर आला तेव्हा तो अडखळला, आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी मान हलवली आणि त्यानं वाचलं, "गोजरबाई कानिफनाथ."

रांगेत कुजबुज झाली. आप्पांनी हे भीतीपोटी केलं की लाजेपोटी, ते त्यांचं त्यांना माहीत. त्यांचे वडीलही गाडीवानच होते. "नाव हाय तुझं," ते म्हणाले. "त्या दिवशी गाडीतून बोललो ते चुकलं. कर सही."

गोजरबाईनं सही केली नाही. ती पाखऱ्याजवळ गेली आणि त्याच्या खांद्यावर टाकलेलं फडकं तिनं उचललं. खाली पंज्याएवढी जखम होती, लालभडक, अजून ओली.

"नाव खोडा, साहेब," ती क्लार्कला म्हणाली. "औंदा ह्यो बसून ऱ्हाईल."

"अगं, दुसरा बैल जुंप की एखादा भाड्याचा," आप्पासाहेब चिडले. "एवढा राडा केलास, अकरा माणसं उतरवलीस, माझी हाताशी आलेली खुर्ची घालवलीस, तरी मी तुझं नाव ठेवलं. आता मी देतोय तर तूच मागं सरतीस! चूक मी कबूल केली की चारचौघांत."

"तुमची चूक तुमच्यापाशी, आप्पा," ती म्हणाली. "वीस पावलं म्या हाकलं. यादीचं नाव काढलं, भ्याले नि हाकलं. कासरा माझ्या हातात हुता. भाड्याचा बैल आनून ह्याच्याम्होरं जुंपू? न्हाई. ह्याचा खांदा भरंस्तवर माझी गाडी बंद."

 क्लार्कनं नावावर रेघ मारली. गोजरबाईनं फडकं परत टाकलं, नीट सारखं केलं आणि बैल घेऊन ती निघाली. रांगेतले गाडीवान बाजूला झाले.

आता हंगाम सुरू आहे. साठीच्या उंबऱ्यावर गोजरबाईनं बारा वर्षांनी पुन्हा कोयता हातात घेतला आणि एका टोळीत रोजंदारीनं ऊस तोडायला जाते. दिशाची फी त्यातून निघते, मोठ्या ओढाताणीनं का होईना. संध्याकाळी सगळ्या बाया ट्रॅक्टरवर बसून जातात. ट्रॅक्टरवाला तिला रोज म्हणतो, मावशी, बसा. पण डिझेल महागल्यापासून तो माणसांना नेतो, भारे नेत नाही. म्हणून ती तीन किलोमीटर चालते, डोक्यावर उसाच्या वाढ्यांचा हिरवा भारा घेऊन. वस्तीवर आल्यावर तो पहिल्यांदा पाखऱ्यापुढं सोडते, तो खायला लागला की शेजारी टेकते, आणि मग स्वतःची मान चोळत बसते.