रोवणीवरच्या बायका कोणी मोजल्या?

तुमच्या गावातल्या बहुतेक बायकांच्या गर्भपिशवीत दोष आहे, असं छापील कागदावर वाचलंत तर तुम्ही आधी काय विचाराल? उपाय काय, हे? की मोजलं कोणी आणि कोणाला, हे?

माझ्या मावशीने उपाय विचारला होता. उत्तर तयारच होतं: पिशवी काढून टाका. गेल्या पावसाळ्यात, भाताची रोवणी आटोपल्यावर, ती पारशिवनीकडच्या आपल्या गावाहून आमच्या शहरातल्या, सक्करदऱ्याच्या घरी आली ती ऑपरेशनची तारीख घेऊनच. सोमवारी धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. हातातल्या थैलीत दोन लुगडी, एक टॉवेल आणि गावात झालेल्या आरोग्य शिबिराचं पत्रक. एका बाजूला हात जोडलेले स्थानिक पुढारी, दुसऱ्या बाजूला शिबिराचा निष्कर्ष: गावातल्या इतक्या टक्के महिलांमध्ये दोष. टक्केवारी लाल अक्षरांत होती. ती मी इथे मुद्दाम लिहीत नाही. असला आकडा पुन्हा छापला की तो आणखी थोडा खरा वाटायला लागतो.

मी पत्रकांवरच वाढले. बाबा कर्मचारी संघटनेत, आई मोहल्ल्यातल्या महिला मंडळात. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली, त्यांच्याच पुड्यांतून चिवडा खाल्ला. आमच्याकडे एक रिवाज आहे. पत्रक छापायला जाण्याआधी ते मोठ्याने वाचायचं आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाने एक तरी शंका काढायची. पाहुण्यालाही सुटका नाही. शंका निघाल्याशिवाय चहा नाही.

त्या संध्याकाळी मी मावशीचं पत्रक तसंच वाचलं.

"निष्कर्ष काढला कोणी? खाली डॉक्टरचं नाव नाही," बाबा म्हणाले.

"दोष म्हणजे काय?" आई म्हणाली. "अंगावरून पांढरं जाणं हाही दोष आणि गाठ हाही दोष? दोन्ही एकाच टोपलीत?"

मग शंका काढायचा नंबर मावशीचा आला. "मले कायची शंका? या पुढाऱ्याचे दात एवढे पांढरे काहून हायेत, हे सांगा आधी."

सगळे हसले. मी मात्र त्या लाल आकड्यावर अडले होते. शिबिर होतं कधी, असं मी तिला विचारलं.

"रोवणीत. भर दुपारी, शाळेत."

"मग रोवणी सोडून सगळ्या बायका आल्या?"

"पागल झाली का वं? रोवणी कोण सोडते? ज्यायची कंबर धरली होती, ज्यायच्यानं चिखलात वाकनं होत नव्हतं, त्या आल्या. मी बी त्यातलीच. बाकीच्या सगळ्या धानाच्या बांधीत होत्या."

म्हणजे ज्यांचं दुखत होतं त्यांनाच मोजलं आणि वर नाव गावाचं दिलं. गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावणाऱ्या बायका त्या टक्केवारीत नव्हत्याच. हे कोणाच्या लक्षात आलं नसेल? मला ते खरं वाटत नाही. रोवणीच्या दिवसांत दुपारी गाव रिकामं असतं, हे त्या पुढाऱ्याला ठाऊक नसेल तर तो मतं मागायला कधी जातो?

बाबा तापले. "उद्याच पत्रक काढू! शिबिरात सांगितलेली सगळी ऑपरेशनं खोटी!"

"सगळी?" मी म्हटलं. "बाबा, तुम्ही किती जणी तपासल्या?"

आई उठली. "निघाली शंका. ठेवते चहा."

आम्ही जिंकल्यासारखे बसलो होतो, आणि मावशी पदराशी चाळा करत होती. "तुमचा वाद चालू द्या," ती म्हणाली. "पन माह्यं दुखते ते तं खरं हाय ना? नाई काढली अन् उद्या कॅन्सर निघाला, तं मंग काय हे पत्रक पोटाले लावू?"

आकडा खोटा म्हणून दुखणं खोटं ठरत नाही, आणि आमचा संशय हे काही औषध नाही. सोमवारी आम्ही दोघी धंतोलीऐवजी सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभ्या राहिलो. रांगेत मावशी मला दोनदा म्हणाली, "तारीख हातची गेली वं." तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला तपासलं, सोनोग्राफी केली, आणखी तपासण्या करायला लावल्या. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, जंतुसंसर्ग आहे, औषध घ्या, पुन्हा दाखवायला या. पिशवी काढण्याजोगं आज काही दिसत नाही.

"मंग आमच्या गावातल्या बाकीच्या बायांचं?" मावशीने विचारलं.

"त्यांना तपासल्याशिवाय मी कसं सांगू?" बाई म्हणाल्या.

एवढं साधं वाक्य त्या पत्रकात कुठेच नव्हतं. बाबांनीही मग आपल्या पत्रकातला 'सगळी' हा शब्द खोडला.

औषधाने मावशीला उतार पडला. परवा तिचा फोन आला. चौकात नवा फलक लागला आहे, शिबिरामुळे लाभ झालेल्या महिलांचा भला मोठा आकडा आणि शेजारी तेच पांढरे दात. "त्याच्यात मले बी धरलं असंन का वं?" ती हसत विचारत होती. मला हसू आलं नाही. धरलं असेलही. पिशवी तिच्या पोटात आहे आणि मावशी कदाचित त्यांच्या यशात मोजली गेली आहे.

तुमच्याही चौकात असा फलक असेल. त्याच्यासमोर थांबा आणि चार लोकांना ऐकू जाईल असं विचारा: कोणाला मोजलं, आणि त्या वेळी बाकीचे कुठे होते? आणि तुमच्या घरात कोणी अशीच तारीख घेऊन आलं असेल, तर त्या तारखेआधी तिला दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन जा. ती एकटी जाणार नाही. तुम्ही सोबत जा.